रक्तात उतरलेलं

माझ्या भाच्याच्या पोटऱ्या तिसऱ्या वर्षीच एखाद्या कसरती माणसासारख्या भरल्या होत्या. हात लावला की टणक लागायच्या. अक्काचे सासरे चाकणजवळच्या गावाहून अधूनमधून येत, पिशवीतले कांदे-बटाटे कोपऱ्यात ओतत आणि चहाच्या आधी नातवाला मांडीवर ओढून त्याच्या पोटऱ्या चाचपत. "पोरगं तालमीचं हाय," म्हणत. "ह्याला दूध कमी पडू देऊ नगा." तरुणपणी ते स्वतः जत्रेतल्या कुस्त्या खेळलेले. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, हसायची. दाजी तर फुलून जायचे. आमची आई तिथे असली तर ती मात्र काही न बोलता पोराच्या पायांवर टॉवेल टाकायची. दृष्ट लागू नये म्हणून टाकते, असं आम्हाला वाटायचं.

ही सत्तरच्या पुढची वर्षं. दाजी पिंपरीतल्या एका कंपनीत प्रेस शॉपला, म्हणजे पत्रे दाबायच्या खात्यात होते. संत तुकाराम नगरात दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या. आई आणि मी पिंपळे गुरवला राहायचो. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी भोसरीत एका लहानशा कारखान्यात विजेच्या मोटारींच्या कॉइली गुंडाळायचे. आमच्या भागातल्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारी, म्हणून अक्काबरोबर दवाखान्यात जायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. दाजींची सुट्टीही गुरुवारीच, पण त्यांना ओव्हरटाइम लागायचा. आणि खरं सांगायचं तर दवाखान्याच्या वासानेच ते पायरीवरून परत फिरायचे.

पोरगं पडायचं. इतर मुलं पडतात तसं धावताना नाही, चालता चालता, सपाट जमिनीवर, गुडघ्यातून कोणीतरी दोरी सोडल्यासारखं. जिना चढताना दोन्ही हातांनी कठडा धरायचं आणि प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवायचं. चवड्यांवर चालायचं. बालवाडीतल्या बाई म्हणाल्या, लाडावलंय. अक्कालाही तसंच वाटायचं. जिन्यात ते थांबलं की ती खालून ओरडायची, "चल की रे, नाटकं पुरे!" मग ते चढायचं, ओठ घट्ट मिटून.

एका पावसाळ्यात त्याला ताप आला. उतरला, पण अंगात बळ येईना. पिंपरीतल्या डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. ते भले गृहस्थ होते, समजावून सांगायचे. रिपोर्ट हातात घेऊन ते अक्काला म्हणाले, "लिव्हरला सूज दिसते. एसजीओटी, एसजीपीटी दोन्ही खूप वाढलेत. ही एन्झाइम्स पेशींच्या आत असायला हवीत. पेशी फुटल्या की बाहेर सांडतात आणि रक्तात सापडतात. म्हणजे आत काहीतरी मोडतंय."

"मोडतंय म्हणजे?" अक्काने विचारलं.

"काविळीसारखं. पथ्य पाळा, भरून येईल."

मग घरातलं तेल बंद झालं. फोडणीचा वास घरातून गेला. शेजारणी उसाचा रस सांगायच्या, मुळ्याचा पाला सांगायच्या. तळवड्याचे एक आजोबा काविळीचं औषध द्यायचे, तिथेही आम्ही पोराला नेलं. त्यांनी त्याच्या डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या, नखं पाहिली आणि औषध द्यायचं नाकारलं. "ही कावीळ न्हाई," म्हणाले. "काय हाय ते मला ठावं न्हाई. पर ही न्हाई."

अक्काला त्यांचा राग आला होता. 

पुन्हा रक्त तपासलं. आकडे तेवढेच. काही आठवड्यांनी पुन्हा, तर थोडे वरच. डॉक्टरांनी नवा कागद जुन्यांशेजारी ठेवून आकडे पुन्हा पुन्हा ताडून पाहिले. पोराचे डोळे पांढरे स्वच्छ होते, लघवी पाण्यासारखी, काविळीचा म्हणून जो वेगळा आकडा असतो तोही ठीक. तरी आत काहीतरी मोडतच होतं. रोज थोडं थोडं, आवाज न करता. दाजी सकाळी पाळीवर जायच्या आधी त्याला खिडकीपाशी नेऊन डोळे तपासायचे. ते पाहायला मला नको वाटायचं. एवढा मोठा माणूस, पोराची हनुवटी धरून उजेडाकडे वळवतोय, आणि पोरगं शहाण्यासारखं वर बघत उभं.

एकदा दाजींनी मला गॅलरीत बोलावलं. म्हणाले, "मागं मी काही महिने टाकीवर होतो. पार्ट धुवायची टाकी. त्या औषधानं लिव्हर जातं, असं जुने कामगार सांगायचे. मी तेच कपडे घालून घरी यायचो आणि ह्याला उचलायचो."

"पण दाजी, तुम्हाला तर काही झालं नाही."

"मी मोठा आहे ना," ते म्हणाले.

त्या दिवसापासून ते कंपनीतच आंघोळ करून यायला लागले. कामाचे कपडे घरात आणेनात. घरी आल्यावरही पोराला लगेच जवळ घेत नसत. पोराला काही कळायचं नाही. ते दारात हात वर करून उभं राहायचं.

त्याच सुमाराला अक्काला दिवस गेले. सासरे खूश झाले. "थोरल्याला जोडीदार येऊ दे," म्हणाले. आईला सांगायला मी घरी गेले तेव्हा ती भाकरी थापत होती. ऐकून तिचा हात परातीतच थांबला. "आत्ताच कशाला गं," एवढंच म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी करपली.

शेवटी पिंपरीच्या डॉक्टरांनीच चिठ्ठी देऊन आम्हाला पुण्याला एका बालरोगाच्या डॉक्टरबाईंकडे पाठवलं. वयस्कर बाई, केस पिकलेले, आवाज हळू. आम्ही सगळे कागद पुढे केले. त्यांनी ते बाजूला सरकवले आणि पोराला म्हणाल्या, "खाली बस बाळा. फरशीवर. आता उठून ये, गोळी घे."

पोरगं उठलं. जसं ते नेहमी उठायचं तसंच. आधी रांगल्यासारखं ओणवं झालं, मग हात जमिनीवर टेकून ढुंगण वर, मग एक हात गुडघ्यावर, दुसरा हात गुडघ्यावर, मग मांड्यांवर हात सरकवत सरकवत, स्वतःच्याच अंगावर चढून गेल्यासारखं उभं राहिलं. आम्ही हे रोज बघत होतो. पण त्या खोलीत, त्या बाईंच्या डोळ्यांसमोर ते मी पहिल्यांदाच पाहिल्यासारखं पाहिलं. कुठलंच मूल असं उठत नाही, हे मला तोवर दिसलं कसं नव्हतं?

"पुन्हा बस," बाई म्हणाल्या. पोराने पुन्हा करून दाखवलं आणि दोन गोळ्या मिळवल्या. मग त्यांनी त्याच्या पोटऱ्या दाबून पाहिल्या. आजवर पोटऱ्या बघून न हसलेलं माणूस म्हणजे एक आई, आणि आता या.

"याचं लिव्हर चांगलं असावं," त्या म्हणाल्या.

अक्काचा चेहरा उजळला. मला आजही तो चेहरा आठवतो, कारण नंतर कित्येक वर्षं तो तसा दिसला नाही.

"मग ते आकडे?" मी विचारलं.

"तीच एन्झाइम्स स्नायूंतही असतात. मांसात. लिव्हर फुटलं तरी वाढतात, स्नायू फुटले तरी वाढतात. कुठलं फुटतंय ते त्यांच्यावरून कळत नाही. आणखी एक आहे, सीपीके म्हणतात. ते बहुतेक स्नायूंतलंच. ते तपासू या."

रक्त दिलं. पुढच्या गुरुवारी रिपोर्ट आणायला गेले तर प्रयोगशाळेतला माणूस म्हणाला, "पेशंट कोण आहे? अपघात झालाय का?"

"नाही. चालत आला होता."

त्याने पाकिटातला कागद पुन्हा बाहेर काढून पाहिला. म्हणाला, "यंत्रात आकडा मावेना. नमुना पातळ करून पुन्हा मोजावा लागला." मग त्याला बहुतेक वाटलं, आपण जास्त बोललो. त्याने पाकीट पुढे केलं आणि दुसऱ्या माणसाला हाक मारली.

चांगल्या माणसाचा आकडा शे-दोनशेच्या आत असतो, भाच्याचा कित्येक हजारांत होता. डॉक्टरबाईंनी दार लोटून घेतलं. पोराला बाहेर नर्सपाशी बसवलं. त्या जे बोलल्या ते मी अक्कासाठी दोनदा विचारून घेतलं, कारण पहिल्यांदा ती ऐकतच नव्हती. स्नायू जन्मापासून झिजतायत. पोटऱ्या फुगल्यात त्या ताकदीने नाहीत. आतलं मांस जाऊन तिथे चरबी भरत चालली आहे. नऊ-दहा वर्षांचा होईतो चालेल. नंतर बसून राहील. नंतर छाती, हृदय. औषध नाही.

"तेल लावून मालिश केलं तर?" अक्काने विचारलं.

"करा. त्याला बरं वाटेल."

मग बाईंनी विचारलं, "तुम्हाला भाऊ आहे?"

"होता," मी म्हणाले. "पोलिओने गेला. मी तेव्हा अगदी लहान होते."

"पोलिओ झाला तेव्हा एकच पाय गेला होता की हळूहळू दोन्ही? चवड्यांवर चालायचा?"

मला दादाचं फार थोडं आठवतं. बासष्ट-त्रेसष्ट साल असेल. तो पडवीत बसलेला, मांडीवर माझ्यासाठी चिंचोके. हात बारीक, पाय मुडपलेले. तो चालत असलेला मी पाहिलाच नव्हता. मी अक्काकडे बघितलं. तिने पाहिला होता.

"चवड्यांवरच," अक्का म्हणाली. तिचा हात पोटावर गेला होता. सहावा महिना होता.

बाईंनी त्या हाताकडे पाहिलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. हे आईकडून येतं, मुलग्यांना होतं. मुलींना होत नाही, पण त्या ते पुढे नेतात. पोटात मुलगा असेल तर त्याला हे असेल किंवा नसेल, दोन्ही सारखंच शक्य. आता दिवस फार पुढे गेलेत, आणि आधी कळायची सोयही नाही. "पण जन्मल्यावर कळेल," त्या म्हणाल्या. "मूल कितीही धडधाकट दिसू दे, आकडा पहिल्यापासून वाढलेला असतो. दोन-तीन महिन्यांचं झालं की रक्त घेऊन या." दाराशी त्यांनी मला थांबवलं. "तुम्ही धाकट्या ना? लग्न ठरायच्या आधी मला भेटून जा."

घरी आल्यावर अक्काने आईला विचारलं. ओरडून नाही, अगदी सरळ. "दादाच्या पोटऱ्या कशा होत्या?"

आई तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं. "अशाच," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"बघितलं तेव्हाच जीव चरकला. पण नाव काय घेऊ? मला वाटायचं, आपण तोंडातून काढलं तर ते खरं व्हायचं." मग तिने विचारलं, "बाई काय म्हणाल्या, कशानं होतं?"

अक्का पोराच्या चपला काढायला लागली. मी पाण्याला उठले. पण आईने आमच्या तोंडांकडे पाहून ओळखलं. तिने सूप पुन्हा मांडीवर घेतलं आणि दुपारभर तेच तांदूळ निवडत बसली.

दाजींना सांगितल्यावर ते आधी म्हणाले, "म्हणजे टाकीमुळे नाही?" त्यांनी पोराला उचलून घेतलं, कामावरून आले तसेच, आणि कितीतरी वेळ खाली ठेवलं नाही. सासऱ्यांना कोणी काय सांगितलं ते मला माहीत नाही. नंतर ते आले तेव्हा नातवाला मांडीवर घेतलं, पण हात त्याच्या पायांकडे नेला नाही.

अक्काला दुसरा मुलगा झाला. गुटगुटीत, लाल, दणकट रडणारा. बायका बघायला यायच्या आणि म्हणायच्या, हा थोरल्यासारखाच दिसतो. अक्का बाळाला उचलून आत न्यायची. बाळाला आंघोळ घालताना आई डोकं चोळायची, पाठ चोळायची, पायांपाशी आली की माझ्याकडे द्यायची. त्या इवल्याशा पोटऱ्यांवरून तेल फिरवताना मी काय शोधत होते कुणास ठाऊक. बाळाच्या पोटऱ्या सगळ्यांच्याच भरलेल्या असतात.

रक्त द्यायला न्यायची वेळ आली तेव्हा अक्का नको म्हणाली. "कळून काय करायचंय? औषध आहे का? मला तीन-चार वर्षं तरी त्याच्याकडे बघून हसू दे." दाजी म्हणाले, "मला नाही जमणार असं. मी रोज त्याच्याकडे बघून तेच मनात आणणार." दोघांचंही मला पटायचं. शेवटी ती तयार झाली. रक्त काढताना बाळ किंचाळलं तसं थोरला बाहेरून ओरडला, "त्याला मारू नका!"

परतताना अक्का मला म्हणाली, "रिपोर्ट तूच आण. आणि ऐक. वाईट असला तर मला सांगू नकोस. चांगला आहे म्हण. दाजींना खरं काय ते सांग, मला नको."

"अगं, असं कसं..."

"शपथ घे."

मी घेतली. त्या क्षणी मला तो मार्ग बरा वाटला. त्याचा अर्थ काय होईल हे माझ्या लक्षातच आलं नाही.

गुरुवारी पाकीट घेतलं, डॉक्टरबाईंना नेऊन दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, कागद वाचला, आणि पहिल्यांदाच मी त्यांना हसताना पाहिलं. "याला नाही," त्या म्हणाल्या. "अगदी नॉर्मल आहे. हा सुटला."

मी बसस्टॉपवर उभी राहून रडले. संत तुकाराम नगरात उतरल्यावर दोन जिने पळत चढले. अक्का दारात उभी होती.

"चांगला आहे," मी म्हणाले. "अक्का, नॉर्मल आहे. याला नाही!"

ती माझ्याकडे बघत राहिली. माझे डोळे सुजलेले, नाक लाल. तिने हळूच मान हलवली. "बरं झालं," म्हणाली, आणि आत जाऊन बाळाला पदराखाली घेतलं. तिचा विश्वास बसला नव्हता.

मग मी काय काय केलं! कागद दाखवला, तिने वाचला नाही. म्हणाली, कागद काय, कोणाचाही आणता येतो. दाजींनी सांगितलं. तिला वाटलं, दोघं मिळून ठरवलंय. मी म्हटलं, चल, बाईंच्या तोंडून ऐक. "नको," ती म्हणाली. "तुम्ही सांगता तेच बरं आहे." सांगता सांगता माझाच आवाज मला खोटा वाटू लागला. दाजी पेढे आणतो म्हणाले तर तिने आणू दिले नाहीत. "थोरला विचारेल, कशाचे पेढे. काय सांगणार?"

त्यानंतरची वर्षं तशीच गेली. थोरल्याला शाळेत खांद्यावर घेऊन जावं लागायला लागलं. धाकटा रांगायला लागला, उभा राहिला. चालायला लागला तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते आणि अक्का भिंतीला टेकून त्याच्या टाचांकडे बघत होती. तो ठेचकाळला की घरात सगळ्यांची तोंडं बंद व्हायची. दाजींना आकडा माहीत होता, मला माहीत होता, तरी आम्हीही गप्प व्हायचो. एकदा तर दाजींनीच मला विचारलं, "प्रयोगशाळेत नमुने बदलत नसतील ना?"

ऐंशी साल उलटून गेलं होतं. थोरल्याचं चालणं त्या वर्षी थांबलं. एका सकाळी तो उठायला लागला आणि हात मांड्यांवर सरकेनात. त्याने दोनदा करून पाहिलं आणि अक्काला हाक मारली. नंतर काही महिन्यांनी, एका गुरुवारी, मी आणि अक्का बाजारातून आलो. खालच्या अंगणात धाकटा खेळत होता. अक्का त्याला म्हणाली, "वर जाऊन दादाला सांग, आम्ही आलो." तो गेला. कठडा न धरता, एक पाय एका पायरीवर, दुसरा पुढच्या. वरच्या वळणावर वाकून त्याने आम्हाला वेडावून दाखवलं आणि उरलेल्या पायऱ्या उड्या मारत चढला.

अक्का पिशवीसकट खालच्या पायरीवर बसली. टोमॅटो घरंगळत अंगणात गेले.

"तू खरं सांगितलं होतंस," ती म्हणाली.

मी खाली वाकून टोमॅटो गोळा करायला लागले. तर ती एकदम चिडून म्हणाली, "मग मला पटवून का नाही दिलंस? इतकी वर्षं! मी त्याला धड मांडीवर घेऊन खेळवलंसुद्धा नाही गं." आणि ती अशी रडली की शेजारणी दारात आल्या. वरून थोरल्याचा आवाज येत होता, "मावशी, काय झालं? आई पडली का?" त्याला उठून खिडकीशी येता येत नव्हतं. मीच ओरडून सांगितलं, काही नाही, पिशवी फाटली.

माझं लग्न त्याच सुमाराला ठरत होतं. मुलगा भोसरीतच टर्नर होता, लातूरकडचा. मी डॉक्टरबाईंना भेटले, माझ्यातूनही ते पुढे जाईल का हे बघायला सीपीकेसाठी रक्त दिलं. माझा आकडा सीमेवर आला, किंचित वर. आदल्या दिवशी जड उचललं होतं का, असं त्यांनी विचारलं, आणि पुन्हा रक्त घेतलं. पुन्हा तिथेच. "आहे असंही म्हणवत नाही, नाही असंही म्हणवत नाही," त्या म्हणाल्या. मी त्या मुलाला सगळं सांगितलं. थोरल्याला भेटवायलाही नेलं. तो त्याच्याशी पत्त्यांचा डाव खेळला, जाताना माझ्याबरोबर बसस्टॉपपर्यंत आला आणि म्हणाला, "मला विचार करायला वेळ द्या." चार-सहा दिवसांनी त्याने होकार कळवला. घरच्यांना काय सांगितलं ते त्याने मला कधी सांगितलं नाही.

वर्षभरात मला दिवस गेले. आईला सांगितलं तेव्हा तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि देवापुढे दिवा लावायला उठली. वातीला काडी लागेना. दोन काड्या विझल्या. शेवटी तो दिवा मीच लावला.